गाळा की कंबर

१२ जानेवारी २००४, सोमवार

सम्राटला डेअरीतून दोन डायऱ्या मिळाल्या. एक मला दिली. "आई, सातवी पास हाईस, लिही की कायतरी," म्हणाला आणि टँकर घेऊन गेला. पोरगं दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर आहे, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त.

तर लिहिते. आज सकाळी भाकरी थापताना कमरेतून कळ निघाली ती डाव्या पायाच्या पोटरीपर्यंत गेली. काठवटीवर तशीच ओणवी राहिले. तव्यावरची भाकरी करपली. आमची सून प्रीती म्हणाली, "आत्ती, उठा तुम्ही, मी बघते." ती आजऱ्याकडची, त्यामुळं सासूला आत्ती म्हणते. मी म्हटलं, तू बघत बसलीस तर फौंड्रीतली माणसं उपाशी कामावर जातील. पोरगी गुणाची आहे, पण हळू. कांदा चिरताना एकेका फोडीशी बोलत बसल्यासारखी चिरते.

आमची खानावळ उचगावात, घराच्याच पुढच्या खोलीत. जेवायला येणारी माणसं एकटी राहणारी, कुणी बेळगावकडचा, कुणी बिहारचा, कुणी चंदगडचा. काही बसून जेवतात, बाकीच्यांचे डबे आमचे हे पोचवतात. ह्यांचं नाव ज्ञानू कांबळे पेंटर. अर्ध्या उचगावच्या पाट्या ह्यांच्या हातच्या. आता सगळीकडं फ्लेक्स आले, ब्रश वाळले, मग हे डबे घेऊन लुनावरून फिरतात. तक्रार नाही करत. मुळात बोलतातच कमी.

पण हे सगळं पाडव्यापर्यंतच. हायवेला बाळासोंची नवी बिल्डिंग उभी राहिलीय, त्यातला कोपऱ्यावरचा गाळा मी बोलून ठेवलाय. पाडव्याला पैसे भरायचे. पैसे तयार आहेत, माझे, माझ्या हातचे. कंबर एवढी पाडव्यापर्यंत टिकली की झालं.

२१ जानेवारी, बुधवार

बाजारातून येताना मजा झाली. मागून एक बाई हाका मारतेय, "अवं मावशी, चप्पल!" बघते तर डाव्या पायातली चप्पल मागं रस्त्यात पडलेली आणि मी अनवाणी पायानं दहा-वीस पावलं पुढं आलेली. कळलंच नाही. बोलण्याच्या नादात असेन. पण बोलत होते कुणाशी? एकटीच तर होते.

येता येता चप्पल शिवणाऱ्याकडं पट्टा घट्ट करून घेतला. तो म्हणाला, "पट्टा सैल न्हाय आक्का." मी म्हटलं, सैल नसेल तर चप्पल काय पाय लावून पळाली व्हय? घट्ट कर म्हटलं की करायचं.

(सगळं गाव मला आक्काच म्हणतं. सोनूबाई हे नाव रेशनकार्डावर तेवढं राहिलंय.)

३ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायला झालं नाही, कारण उठता येत नव्हतं. शुक्रवारी पिठाचा डबा सरकवायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. ह्यांनी आणि शेजारच्या चिमणाबाईनं धरून कॉटवर आडवं केलं. मी रडले नाही. आरडाओरडा मात्र बराच केला म्हणे.

काल राजारामपुरीतल्या दवाखान्यात नेलं. आधी बोगद्यासारख्या यंत्रात झोपवलं. आत एवढी खडखड की वाटलं, कुणीतरी फौंड्री आणून आत बसवलीय. मग डॉक्टर नेर्लेकरांनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवला. मणक्यामधली चकती सरकलीय, ती नसेवर बसलीय. ऑपरेशन करावं लागेल. खर्च सांगितला. ऐकून हे माझ्याकडं बघायला लागले आणि मी भिंतीकडं. गाळ्याचे पैसे जवळजवळ सगळेच जातात.

मी डॉक्टरांना विचारलं, "थांबलं तर न्हाय का चालणार?"

"थांबलात तर बरंही होईल, वाढेलही. मी शब्द देऊ शकत नाही," ते म्हणाले.

शब्द न देणारा माणूस मला बरा वाटला. पण पैसे भरायला मी काही लगेच होकार दिला नाही. घाबरले म्हणून नव्हे. पैसे काही झाडाला लागत नाहीत म्हणून.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सरकारी दवाखान्यात जाऊन आलो. सकाळी सात वाजता रांगेत, नंबर दुपारी लागला. बाकावर झोपूनच वाट बघितली. शेजारी आजऱ्याचा एक म्हातारा होता, त्यानं आपलं घोंगडं माझ्या डोक्याखाली दिलं.

तिथले डॉक्टर तरुण. डोळ्यांखाली काळं, पण बोलणं गोड. म्हणाले, "मावशी, ऑपरेशन आम्ही पण करतो, चांगलं करतो. पण नंबर जूनच्या आधी नाही. अपघाताच्या केसेस आल्या की पाठीच्या केसेस मागं पडतात." तोवर झोपून राहा म्हणाले. वाकायचं नाही, उचलायचं नाही, खाली बसायचं नाही. गोळ्या दिल्या.

म्हणजे जमलं! जूनपर्यंत झोपून काढायचं, सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून घ्यायचं, गाळा पाडव्याला घ्यायचा. कंबर पण आपली आणि गाळा पण आपला. घरी येताना रिक्षात मी खुशीत होते. हे गप्प होते, पण ते कायमच गप्प असतात.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कॉट मधल्या खोलीत. पडद्यापलीकडं स्वयंपाक, अलीकडं मी. सगळं ऐकू येतं, दिसत काही नाही. प्रीती भाकरी थापते त्याचा आवाज माझ्यासारखा नाही. माझा थप्‌ थप्‌ थप्‌, तिचा थप्‌... थप्‌. ओरडून सांगितलं, जोर लाव. "व्हय आत्ती," म्हणाली आणि परत तसंच.

आज बेळगावकडचा पोरगा तिसऱ्यांदा आमटी मागत होता. बिचारा मी आजारी म्हणून तिचं मन राखत असेल.

१४ फेब्रुवारी, शनिवार

प्रीतीनं मला न विचारता बुधवारच्या जेवणात भात वाढवला. तिच्या माहेरचा घनसाळ. वासानं सगळी गल्ली गोळा झाली म्हणे. मी विचारलं, परवडतं का? तर म्हणाली, भाकऱ्या दोन कमी लागतात, सरासरी तेवढंच पडतं. हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे.

माणसं वाढलीत असं हे म्हणाले. नवी फौंड्री सुरू झाली असेल कुठंतरी.

चार वर्षांची नात साक्षी माझ्या उशाशी बसून डॉक्टर-डॉक्टर खेळते. आज माझ्या तळपायाला काडीनं गुदगुल्या करत होती. उजव्याला केल्या तेव्हा मी ओरडले. डाव्याला केल्या तेव्हा म्हणे मी गप्प होते. "आजी, हा पाय झोपलाय," म्हणाली. लहान पोराचं काय ऐकायचं!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

झोपून राहिलं की जुनं आठवतं. आज हॉटेल आठवलं. लग्न होऊन आले तेव्हा गावातल्या एका हॉटेलात भांडी घासायला जायचे. एकदा भाकऱ्या करणारी बाई आली नाही. मी म्हटलं, मी करते की. मालक म्हणाला, "नको, गिऱ्हाईक इचारतंय कुणाच्या हातचं म्हणून." आडनाव विचारून झालंच होतं त्याचं. मी पातेलं घासत राहिले.

आता पण कुणी कुणी येतात, आडनाव कळलं की दुसऱ्या दिवसापासून येत नाहीत. त्यातले निम्मे महिन्याभरानं परत येतात, मान खाली घालून. मी पण वाढते. भुकेल्या माणसाशी काय भांडायचं?

हायवेला गाळा झाला की येणाऱ्या-जाणाऱ्या हजार गाड्या बघतील. हे कशाला लिहिलं? गाळ्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही. गाळा पोरांसाठी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चिमणाबाई दुपारी येऊन बसली. तिच्या नणंदेच्या गावी, बिद्रीला, साखर कारखान्यातला जोतीराम म्हणून एक माणूस आहे. त्याचं असंच ऑपरेशन झालं. "तवापास्नं आक्का, बिचारा हातरुणाला खिळलाय. बायको चमच्यानं चारतीया." असं म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला.

गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, बघा! खाजगी काय, सरकारी काय, ऑपरेशनच नको. हे म्हणाले, "तू जोतीरामाला बघितलंस?"

न्हाय.

"मग बघून ये."

२२ फेब्रुवारी, रविवार

बघून आले!

सम्राटची फेरी आज बिद्रीवरून होती. टँकरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या मागं झोपायची फळी असते, तिच्यावर आडवी झाले. पोरगं एवढं सावकाश चालवत होतं की सायकलवाले पुढं जात होते. एक म्हातारा ओरडला, "दूध नासंल की रं!"

जोतीरामचं घर सापडलं. त्याची बायको तानाबाई दारात निवडत बसलेली. मी सम्राटच्या खांद्यावर हात टाकून उभी. म्हटलं, पेशंटला बघायला आलोय.

"कुठला पेशंट?"

"जोतीराम. हातरुणाला खिळल्यात म्हनं."

ती बाई सूप खाली ठेवून हसायला लागली. हसता हसता रागावली. "हातरुणाला? अवं, सकाळी मोटरसायकल काढून जो गेलाय, त्यो अजून घरला न्हाय! ऑपरेशन झाल्यापास्नं घरात पाय ठरत न्हाय त्याचा. पयलं कंबर धरून घरात तरी बसत हुता. कारखान्याची मीटिंग, भावकीचं लगीन, हितं तमाशा, तितं कुस्ती. डाक्टरला सांगा, माझा नवरा पयल्यासारखा करून द्या!"

तिनं चहा केला. मी उभ्यानं प्याले. निघताना जोतीराम आलाच. उंच, काळा, गाडीवरून टांग टाकून उतरला. मी विचारलं, भीती वाटली होती का ऑपरेशनची? तर म्हणाला, "लई. आदल्या रात्री पळून गेलतो दवाखान्यातनं. स्टँडवर बायकोनं गाठलं."

तानाबाई म्हणाली, "तवा गाठाय नको हुतं."

येताना सम्राट सारखा हसत होता. मी पण. टँकर हलला की कळ यायची तरी हसत होते. चिमणाबाईला काही सांगितलं नाही. विचारेल तेव्हा सांगेन.

३ मार्च, बुधवार

सरकारी दवाखान्यात दाखवायला गेलो. तेच तरुण डॉक्टर. म्हणाले, टाचांवर उभ्या राहा आणि पायाची बोटं वर उचला. उजवी उचलली. डावी उचलेना. मी जोर करतेय, कपाळाला घाम आला, अंगठा जागचा हलेना. माझाच पाय आणि माझं ऐकत नाही!

त्यांनी विचारलं, चप्पल निसटते का चालताना? मी म्हटलं, "व्हय की. पट्टा घट्ट करून घेतला." त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं आणि हळू बोलले. नस फार दबलीय. पायातलं बळ जायला लागलंय. जूनपर्यंत थांबलात तर कंबर बरी होईलही, पण गेलेलं बळ परत येईल का ते सांगता येत नाही. "मी तुमचा नंबर पुढं ओढायचा प्रयत्न करतो. पण मावशी, माझ्या आईला असं झालं असतं आणि हातात पैसे असते, तर मी बाहेर करून घेतलं असतं. ह्याच महिन्यात."

 रिक्षात मी पूर्ण रस्ता डाव्या अंगठ्याकडं बघत होते. हल की रे बाबा.

४ मार्च, गुरुवार

आज घरात वाजलं.

सम्राट घरी होता. जेवणं झाल्यावर हे म्हणाले, "उद्या राजारामपुरीत जाऊन तारीख घिऊया." मी म्हटलं, गाळा? हे म्हणाले, गाळा ऱ्हाऊ दे. मी म्हटलं, तुमास्नी काय जातंय ऱ्हाऊ दे म्हणायला? ह्या धुरात डोळे मी फोडले. सरकारी दवाखान्यात नंबर पुढं आला तर? पायाचं काय, एक पाय जरा ओढत चालले तर माणूस मरत नाही.

तेव्हा हे जे बोलले ते एकतीस वर्षांच्या संसारात कधी बोलले नव्हते. "सम्राटची आई, तुला गाळा नेमका कुणासाठी पायजे?"

"पोरांसाठी! म्या काय वर घिऊन जानार हाय? प्रीतीसाठी."

तेवढ्यात प्रीती पडदा सारून आत आली. हात पिठाचे. आवाज मोठा नव्हता. "आत्ती, मला कुणी इचारलं? मला न्हाय पायजे त्यो गाळा. तितं हायवेला पोरीला कुठं ठेवू? हितं घरात ती माझ्या डोळ्यापुढं असती. हितं पण माणसं येत्यात. गेल्या महिन्यात चौदा नवी आल्यात, तुमी हातरुणात असताना."

मी म्हटलं, "ती नव्या फौंड्रीमुळं."

"कुठली नवी फौंड्री?" सम्राट म्हणाला.

 साक्षीनं झोपेत कूस बदलली.

मग प्रीती कॉटवर माझ्या पायाशी बसली आणि पिठाच्या हातानंच माझा डावा पाय धरला. "माझी आई परसाकडंला जाताना बी दुसऱ्याला हाक मारत हुती, शेवटची दोन वर्सं. मी बघितलंय. तुमचं तसं करायला मला लावू नका."

तिच्या आईला संधिवात होता एवढं मला माहीत होतं. ती अशी गेली हे माहीत नव्हतं. सात वर्षं झाली सून येऊन. कधी विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, "बरं."

६ मार्च, शनिवार

बाळासोंकडं गेले. ह्यांच्याबरोबर रिक्षानं. निरोप धाडून चाललं असतं, पण शब्द मी दिला होता.

"आक्का, दिवाळीपतोर थांबलो असतो, पण माझ्यावर बी बँक बसलीया," ते म्हणाले. म्हटलं, तुमचं बरोबर आहे. कोपऱ्यावरचा गाळा टायरवाल्याला जाणार. निघताना गाळ्यात एकदा आत जाऊन उभी राहिले. सिमेंटचा ओला वास. समोरून ट्रक, एसट्या, मोटारी. एकेक डोळा आत बघून जातो.

हे बाहेर थांबले होते. म्हणाले, "तुला नाव पायजे हुतं, व्हय न्हवं?"

मला एकदम रडू आलं. कमरेचं म्हणून सांगितलं.

१४ मार्च, रविवार

शुक्रवारी ऑपरेशन झालं. दवाखान्यात पडल्या पडल्या लिहितेय, अक्षर वाकडं येतंय.

आदल्या संध्याकाळी जोतीरामची आठवण आली. खिडकीतनं रस्ता दिसत होता. ह्यांना विचारलं, स्टँड इथनं लांब आहे का? हे म्हणाले, "लई लांब. आणि मी दारातच झोपणार हाय." खरंच सतरंजी टाकून दारात झोपले. हे लिहून ठेवते की मी घाबरले होते. जानेवारीपासून घाबरलेले होते. पैशाचं पण खरं होतं, पण एवढं नाही.

सुई टोचल्यावर डॉक्टर नेर्लेकर म्हणाले, आकडे मोजा. मी मोजण्याऐवजी त्यांना सांगत होते की माणसामागं एक वाटी डाळ धरली तर पुरते. नर्सबाईंनी आज सांगितलं. सांगताना त्या हसत होत्या.

कमरेत दुखतंय, पण हे दुखणं वेगळं. पायातली कळ गेली. अशी गेली की मी तिला शोधत होते. काल त्यांनी धरून उभं केलं. आज सकाळी चादरीखाली डावा अंगठा हलला. थोडाच. पहिल्यांदा वाटलं भास. परत हलवला. साक्षीला दाखवला, तर ती म्हणाली, "आजी, पाय उठला!"

२१ मार्च, रविवार

पाडवा. घरी आले आणि स्वयंपाकघर ओळखू येईना. मी दवाखान्यात असताना ह्यांनी आणि सम्राटनं ओटा बांधून घेतलाय. कडाप्पा टाकलेला, कमरेएवढा उंच. गॅस वर, काठवट वर. प्रीती उभ्यानं भाकरी थापतेय!

मी म्हटलं, उभ्यानं कुणी भाकरी थापतं व्हय? हात कसा बसणार? प्रीती म्हणाली, "बघा की बसतोय का." आणि अशी पातळ, मोठी, चंद्रासारखी भाकरी तव्यावर टाकली. टम्म फुगली.

मी चूक काढायला जवळ गेले. सापडली नाही. म्हटलं, मीठ जरा जास्त आहे. भाकरीत मीठ नव्हतंच. सगळे हसले, मी पण.

१४ एप्रिल, बुधवार

जयंती. विहारात वंदनेला गेले, स्वतःच्या पायानं. कमरेला पट्टा. संध्याकाळी मिरवणूक आमच्या गल्लीवरून गेली, तेवढा वेळ मी उंबऱ्यात उभी होते. पोरांनी हात जोडून जय भीम आक्का, जय भीम आक्का केलं. ढोलाचा दणका छातीत बसत होता. कमरेत काही बसलं नाही.

चिमणाबाई शेजारी उभी होती. म्हणाली, "आक्का, त्या जोतीरामचं लई वाईट झालं बघ." म्हटलं, काय झालं? "बायको म्हनं सोडून चाललीया त्याला. घरात थांबंना झालाय." मी तोंडाला पदर लावला, तिला वाटलं मी हळहळतेय.

२६ एप्रिल, सोमवार

हे पंधरा दिवस गच्चीवर काय करतात कळत नव्हतं. आज खाली आणलं. पाटी. पत्र्यावर निळा रंग, पांढरी अक्षरं, अक्षराला मागं लाल सावली. 'कांबळे खानावळ'. त्याखाली बारीक, 'सौ. सोनूबाई ज्ञानू कांबळे. सौ. प्रीती सम्राट कांबळे.' असं अक्षर फ्लेक्सवाल्याच्या बापाला यायचं नाही.

मेन रोडवरून गल्ली वळते तिथं लावली. हायवे नाही. पण एसटी तिथंच थांबते.

मी ह्यांना म्हटलं, छान झाली. त्यांच्या कानाच्या पाळीला निळा रंग लागला होता, तो माझ्या पदरानं पुसला.

४ मे, मंगळवार

बुद्ध पौर्णिमा. खीर केली. म्हणजे प्रीतीनं केली, मी खुर्चीत बसून वेलदोडे सोलले. पायातलं बळ निम्म्याहून जास्त आलंय. डॉक्टर म्हणतात, राहिलेलं येईल किंवा थोडं राहीलही. मी त्यांना म्हटलं, शब्द मागत न्हाय.

दुपारी हायवेनं गेलो सम्राटच्या गाडीतून. कोपऱ्यावर टायरचं दुकान सुरू झालंय. मी बघितलं. आत काहीतरी बारीक टोचलं. साक्षीनं आइस्क्रीम मागितलं, मग थांबलो, खाल्लं. ते टोचणं पुढं कुठं गेलं ते बघितलं नाही.

९ जून, बुधवार

आज सरकारी दवाखान्यातून पत्र आलं, नंबर लागला म्हणून. बावीस तारीख. ह्यांना म्हटलं, जाऊन सांगून या, दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं. त्या डॉक्टरांसाठी डबा पण दिला. हे सांगत आले, डॉक्टर कॉरिडॉरमध्ये उभ्यानंच जेवले आणि डबा धुऊन परत दिला.

दुपारी खानावळीत गर्दी. मी आता रोज फिरून येते, मग हात-पाय धुऊन सगळ्यांबरोबर जेवायला बसते. खाली बसायचं नाही म्हणून माझ्यासाठी बाकड्याचा कोपरा ठेवलेला असतो. आज तिथं बसले होते तर एक नवा माणूस दारात आला. हातात पिशवी, अंगाला प्रवासाची धूळ. मला म्हणाला, "रस्त्यावर पाटी बघून आलोय. खानावळीच्या मालकीणबाई कुठायत?"

मी आत बोट दाखवलं. "त्या की. ओट्याजवळ उभ्या हायत त्या."

बोलून गेले आणि मग माझं मला ऐकू आलं. थांबले जरा. वाईट वाटेल म्हणून वाट बघितली. आतून प्रीतीच्या भाकरीचा आवाज येत होता, भरभर, एकसारखा. काही वाटलं नाही. भूक तेवढी लागली होती.

तो माणूस अजून उभाच. म्हणाला, "आणि तुमी?"

मी बाकड्यावर सरकून त्याला जागा केली. म्हटलं, "मी बी जेवायलाच आलीया. बसा, पावणं."